चाल लावणाऱ्यांची नोंद : पेडणे-डिचोलीची भजनमंडळे आणि कला अकादमी

गोव्यातल्या कुठल्याही जुन्या भजनी मंडळाची वही उघडून पाहावी. पानाच्या माथ्यावर अभंगाचे ध्रुवपद, खाली कडवी, कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘भीमपलास, भजनी ठेका’, आणि शेजारी पेटीचा सूर, ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी दोन’. अभंग कोणाचा ते शेवटच्या कडव्यातली मुद्राच सांगते. राग कळतो, ताल कळतो, सूर कळतो. चाल कोणी लावली ते मात्र वहीत नसते.

संस्थेचा इतिहास म्हटला की स्थापनेचे वर्ष, अध्यक्षांची नावे, मिळालेली ढाल आणि रोख बक्षिसे यांनी पाने भरतात. त्या नोंदी हव्यातच. पण भजनमंडळ उभे राहते ते चालीवर, आणि चाल लावणारा माणूस बहुधा दिवसभर दुसऱ्याच कामात असतो. तो शाळामास्तर असतो, बँकेत कारकून असतो, खाणीवर यंत्र चालवणारा असतो, सोनार असतो, सुतार असतो. गाणे हा त्याचा पोटाचा धंदा नाही. तरीही पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत गेल्या अनेक पिढ्यांत अशा माणसांनी रागदारीत बांधलेल्या चालींचा साठा एवढा मोठा आहे की त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही याची खंत वाटते. या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहायचे ठरवले आहे, आणि ओघाने कला अकादमीविषयी, कारण या मंडळींना देवळाबाहेरचा मंच तिने दिला.

हे सगळे याच भागात एवढे का रुजले, याचे उत्तर इतिहासात आहे. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादीत, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात, सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, देव नदीपलीकडे न्यावे लागले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे आले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पेडणे तर 1788 मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादीतली देवळे उभीच राहिली, आणि देवळाबरोबर कीर्तन, पुराण, भजन, जत्रा, दशावतार हेही राहिले. डिचोली तालुक्यातले नार्व्याचे सप्तकोटेश्वर याची साक्ष देते. दिवाडीवरून हलवलेल्या या देवाच्या मंदिराचा शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये जीर्णोद्धार केला. मराठी अभंग या मुलखात बाहेरून आणून लावावा लागला नाही, तो इथेच होता.

पेडण्याला तर स्वतःचा संतकवी लाभला. सोहिरोबानाथ आंबिये यांच्या चरित्रात पेडणे महालातले पालयें आणि सावंतवाडीकडचे बांदा ही दोन्ही गावे येतात. 1714 मध्ये जन्मलेला हा माणूस कुळकर्णीपण सोडून नाथपंथाच्या वाटेने उत्तरेत ग्वाल्हेर-उज्जैनपर्यंत गेला. ‘सिद्धांतसंहिता’, ‘अक्षयबोध’, ‘अद्वयानंद’, ‘पूर्णाक्षरी’, ‘महदनुभवेश्वरी’ हे ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. पण लोकांच्या तोंडी राहिली ती त्यांची पदे. ज्ञानोबा-तुकोबांच्या अभंगांना घाटावरून आलेल्या पारंपरिक चाली होत्या. सोहिरोबांच्या पदांना चाली लावायच्या त्या इथल्याच गाणाऱ्यांनी. माझ्या मते पेडण्यातल्या गाणाऱ्यांचा हात चालीकडे वळला याचे मोठे कारण हे आहे.

दुसरे कारण सप्ताह. गोव्यातल्या सप्ताहांत सर्वांत गाजलेला वास्कोचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या काळात जांबावलीच्या दामोदराचा नारळ आणून तो सुरू झाला. पण गावोगावच्या देवळांत होणारे सप्ताह संख्येने कितीतरी जास्त, आणि चाल घडते ती त्यांत. अखंड भजन म्हणजे टाळ खाली ठेवायचा नाही. दिवसरात्रीचे पार वाड्यांना आणि मंडळांना वाटून दिलेले. ज्याच्या वाट्याला जो पार आला तो त्याने निभवायचा. आता पहाटेचा पार ज्याच्याकडे आहे त्याने यमन गाऊन कसे चालेल? त्याला ललित, भटियार, विभास यांतल्या चाली हव्यात. सकाळच्या मंडळाला तोडी हवी, दुपारच्याला सारंग, उन्हे कलताना भीमपलास आणि मुलतानी, दिवे लागताना पूरिया धनाश्री, रात्री बागेश्री, मध्यरात्रीनंतर दरबारी आणि मालकंस. शास्त्रीय संगीताच्या मैफली बहुतेक संध्याकाळी होतात, म्हणून सकाळचे राग श्रोत्यांच्या कानांवर कमीच पडतात. सप्ताहाने मात्र खेड्यातल्या माणसाला आठही प्रहरांचे राग गायला लावले. दर वर्षी तोच पार वाट्याला आला की त्याच त्या चाली पुन्हा गाणे बरे दिसत नाही, म्हणून नव्या लावाव्या लागल्या. रागसमयाची शिस्त आमच्याकडे पाठशाळेतून कमी आणि पारांच्या वाटणीतून अधिक आली.

नवी चाल बहुधा रात्री दोन-तीनच्या पाराला पुढे येते. त्या वेळी गावकरी झोपलेले असतात. देवळात जागे असतात ते पुढच्या पाराची वाट पाहणारे दुसऱ्या वाड्यावरचे गाणारे आणि पखवाजवाले. म्हणजे ऐकणारा प्रत्येक जण जाणकार. दाद मिळाली तर मानेने मिळते. आणि चुकले तर पार उतरल्यावर सभामंडपाच्या कडेला, चहाचा पेला हातात असताना, कोणीतरी जवळ येऊन बसतो. “बुवा, चाल बरी आसा, पूण उतर मोडटा,” एवढेच तो म्हणतो. मग खरी चर्चा सुरू होते.

ती चर्चा काय असते ते एका उदाहरणाने सांगतो. मोठ्या अभंगाच्या कडव्याला चार चरण. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. एकूण बावीस अक्षरे. ती आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात बसवायची. सहा-सहाचे तीन चरण सरळ जातात. शेवटच्या चार अक्षरांत जागा मोकळी होते, आणि चालीचे सगळे सौंदर्य त्या जागेत असते. तिथे चाल लावणारा मींड घेतो, छोटी तान घेतो, किंवा अक्षर लांबवून समेवर येतो. नवखा माणूस इथे हमखास दोन चुका करतो. पहिली चूक शब्दाची. समेवर शब्दाचा आरंभ किंवा अर्थाचा भार यावा. त्याऐवजी शब्दाच्या पोटातले एखादे दुबळे अक्षर समेवर येऊन पडते आणि ऐकणाऱ्याला शब्दाचे दोन तुकडे ऐकू येतात. उतर मोडटा ते हे. दुसरी चूक रागाची. समजा चाल भीमपलासात आहे. या रागात चढताना रिषभ-धैवत नाहीत, उतरताना आहेत. चार अक्षरांच्या मोकळ्या जागेत उत्साहाच्या भरात तो मध्यमावरून धैवत घेऊन वर चढतो, आणि क्षणभर बागेश्री डोकावून जातो. दुसऱ्या मंडळाचा पेटीवाला ते लगेच पकडतो. तो पेटी ओढून घेतो, ती जागा दोनदा वाजवून दाखवतो, मग पंचमावरून निषादाला जाणारी वाट वाजवतो. “अशी नेलीस तर?” चाल लावणारा गुणगुणून पाहतो. पटले तर पुढच्या पाराला तीच चाल सुधारून गायली जाते. पटले नाही तर तो म्हणतो, मी मिश्र भीमपलास लावला आहे. आणि वाद आणखी तासभर चालतो.

या बोलण्यात मान राखला जातो हे मला फार महत्त्वाचे वाटते. वयाने लहान असला तरी गाणाऱ्याला ‘बुवा’ म्हणायचे, आणि चूक सांगायची ती मंडळाच्या पोरांसमोर नव्हे, बाजूला घेऊन. दोष दाखवणाऱ्याने नुसता दोष दाखवून चालत नाही, त्याने पर्यायी जागा गाऊन किंवा वाजवून दाखवावी लागते. ज्याला ती दाखवता येत नाही त्याचे मत कोणी फारसे मनावर घेत नाही.

तेरेखोलच्या पलीकडे, सावंतवाडी-कुडाळ भागात, हाच व्यवहार उघड्यावर होतो. तिथल्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीने रूपाचा अभंग, गौळण, गजर गातात आणि एकमेकांना गाण्यातूनच उत्तर देतात. पेडण्याचे लोक ती ऐकायला हौसेने जातात, आणि तिचा परिणाम पेडण्याच्या गजरांवर दिसतो. डिचोलीकडे तो कमी. तिकडे बैठकीच्या गाण्याचा संस्कार जास्त आहे. अभंगाआधी आलाप थोडा लांबतो, आणि गौळणीत ठुमरीच्या अंगाने लग्गी लागते. एकाच राज्यातल्या दोन शेजारी तालुक्यांत एवढा फरक असावा हे मला आनंदाचे वाटते, आणि स्पर्धांच्या काळात तो टिकावा असेही वाटते.

चालींचे बी कुठून आले, हेही नोंदवायला हवे. कीर्तन हे एक उगमस्थान. डोंगरीच्या कृष्णंभट्ट बांदकरांची पदे कीर्तनांतून गोवाभर गेली. दुसरे, उत्सवी नाटक. जत्रेत गावच्या हौशी मंडळींनी संगीत नाटक करायचे हा इथला जुना परिपाठ. नाटकात काम करणारा, पदे गाणारा आणि भजनात पेटी धरणारा माणूस बहुधा एकच. त्यामुळे रामकृष्णबुवा वझ्यांनी बलवंत आणि ललितकलादर्श या मंडळ्यांच्या नाटकांना दिलेल्या चाली आणि मंगेशीच्या दीनानाथांची गायकी भजनात उतरली. सुरुवातीला तर नाट्यपदाच्या चालीवर थेट अभंग बसवला जाई. हे चूक होते असे मी म्हणणार नाही. मराठी रंगभूमीवर पदे आधीच्या चालींवर रचण्याची रीत किर्लोस्करांपासून आहे, आणि शिकणारा तयार साच्यातच हात घालतो. पण जाणकारांच्या त्या चहाच्या बैठकीत ‘ही चाल नाटकातली’ हा शेरा बसू लागला आणि चाल लावणाऱ्यांना स्वतःची वाट शोधावी लागली. सिनेमाच्या चालींबद्दलचा शेरा याहून कडक असे, आणि तो तसाच राहावा.

मग जितेंद्र अभिषेकी आले. 1929 मध्ये मंगेशीला जन्मलेले, वडिलांच्या कीर्तनात वाढलेले, पुढे जगन्नाथबुवा पुरोहितांकडे शिकलेले. ‘मत्स्यगंधा’च्या 1964 च्या पदांनी त्यांनी नाट्यसंगीताचा चेहरा बदलला, आणि अभंगांना दिलेल्या त्यांच्या चालींनी गोव्याच्या भजनमंडळांचा कान बदलला. अप्रचलित राग, जोडराग, शब्दाला जपणारी बांधणी हे सारे त्यांच्यानंतर खेड्यातल्या वह्यांतही दिसू लागले. त्यांचे अनुकरण भरपूर झाले. त्या अनुकरणातून बाहेर पडून ज्यांनी आपली चाल लावली ते थोडे, पण आहेत.

या ठिकाणी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ख्यालाची बंदिश बांधणारा आपली मुद्रा बंदिशीत ठेवतो. भातखंडे ‘चतुर’, रातंजनकर ‘सुजान’, जगन्नाथबुवा ‘गुणीदास’, अभिषेकी ‘श्यामरंग’, कला अकादमीत भारतीय संगीत शिकवलेले बबनराव हळदणकर ‘रसपिया’. भातखंडे पेशाने वकील होते. मुंबईतल्या पारशी गृहस्थांनी 1870 मध्ये काढलेल्या गायन उत्तेजक मंडळीत वावरताना त्यांच्या अभ्यासाला वळण लागले. ती हौशी लोकांचीच संस्था होती. तिथून सुरू झालेला प्रवास ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांपर्यंत गेला, आणि शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापून सुरक्षित झाल्या. अभंगाच्या चालीचे तसे झाले नाही. अभंगात मुद्रेची जागा संताची. चाल लावणाऱ्याने तिथे आपले नाव घालणे अशक्य, आणि घालूही नये. पण म्हणून ते कुठेच नोंदवायचे नाही असे थोडेच आहे?

चाल कोणाची ते नोंदवण्याची रीत दुसरीकडे होती. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात पंधराव्या-सोळाव्या शतकांत कारागिरांची गायनमंडळे होती. चांभार, सोनार, विणकर दिवसभर आपापली कामे करत आणि ठरलेल्या दिवशी जमून स्वतः रचलेली गीते गात. त्यांच्यात एक तपासनीस बसे आणि नियम मोडला की खूण करी. हान्स झाक्स हा त्यांच्यातला सर्वांत गाजलेला, धंद्याने चांभार. त्या मंडळींत गुरुपद मिळवायचे तर नवी चाल बांधावी लागे, आणि प्रत्येक चालीला नाव देऊन ती कोणाची ते लिहून ठेवले जाई. म्हणून आज चारशे-पाचशे वर्षांनीही झाक्सच्या चाली कोणत्या हे सांगता येते. आमच्याकडे तीस वर्षांपूर्वीची चाल कोणाची हे सांगताना दोन वाड्यांत भांडण होते.

गोवा मुक्त झाल्यावर आकाशवाणीच्या पणजी केंद्राने भजनमंडळांना माइकसमोर बसवले, आणि शेजारच्या तालुक्यातली चाल घरबसल्या ऐकू येऊ लागली. 1970 मध्ये कला अकादमी स्थापन झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर पेडण्याचे. गाण्याचा आणि खेळाचा त्यांना मनापासून नाद होता. चार्ल्स कोरिया यांनी आखलेली कांपालची वास्तू 1983 पर्यंत पूर्ण झाली, तिच्यातल्या मोठ्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचे नाव मिळाले. संगीत, नाटक, नृत्य यांचे शिक्षण तिथे सुरू झाले, पण खेड्यापाड्यांतल्या भजनमंडळांचे अकादमीशी नाते जुळले ते भजन स्पर्धेमुळे. भजनगुरू पं. मनोहरबुवा शिरगांवकर यांच्या स्मृतीला जोडलेली ही स्पर्धा. तालुक्यातालुक्यांत प्राथमिक फेरी, मग अंतिम फेरी. पुरुष, महिला आणि बालकलाकार अशी तिची रूपे.

स्पर्धेने काय दिले? पहिले म्हणजे तयारी. सप्ताहात चूक झाली तर पार पुढे सरकतो. स्पर्धेत ठरलेल्या मिनिटांत अभंग आणि गौळण नेटकी बसवावी लागते, झीलकऱ्यांचा सूर एक लागावा लागतो, पखवाजवाल्याला कुठे थांबायचे ते कळावे लागते. दुसरे म्हणजे परीक्षक. बाहेरगावच्या जाणत्या गवयाने ऐकून सांगितलेला दोष मंडळ वर्षभर लक्षात ठेवते. तिसरे म्हणजे भेटी. प्राथमिक फेरीच्या दिवशी हरमल, मांद्रे, कोरगावची मंडळे एका सभागृहात बसतात. डिचोलीच्या फेरीला साखळी, मये, पाळीची. आपला क्रम झाला की घरी न जाता पुढच्यांचे ऐकत बसणारे गाणारे तिथे दिसतात, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून रात्री ती चाल पेटीवर काढणारेही.

काही हरवलेही, ते लपवण्यात अर्थ नाही. मिनिटांचे बंधन आले तेव्हा सावकाश उलगडणाऱ्या चाली मागे पडल्या. पहाटेच्या रागांची गरज कमी झाली, कारण स्पर्धा दिवसा होते. बक्षीस मिळालेली चाल दुसऱ्या वर्षी चार मंडळे उचलतात, आणि एका हंगामात एकच रागरूप पाच वेळा ऐकावे लागते. चाल लावून घेण्यासाठी बाहेरून माणूस बोलावण्याची पद्धतही वाढली; तो येतो, दोन बैठकींत बसवून जातो, आणि मंडळातल्या चाल लावणाऱ्याचा हात रिकामा राहतो. मला यातली शेवटची गोष्ट सर्वांत जास्त टोचते. तयारीत त्यामुळे फरक पडतो हे खरे, पण मंडळाने स्वतः लावलेली साधी चाल मला दहा पटींनी मोलाची वाटते, कारण तिच्यावर शेजारच्या वाड्याला बोलता येते आणि ती पुढच्या वर्षी सुधारते.

महिलांच्या आणि मुलांच्या मंडळांनी अलीकडे जे केले आहे ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बायकांची मंडळे सप्ताहाच्या रात्रीच्या पारांत पूर्वी फारशी नसत, त्यामुळे पुरुषांच्या चाली जशाच्या तशा घेणे त्यांना जमत नव्हते. ‘काळी एक’मध्ये बांधलेली चाल ‘काळी चार’मध्ये नेली की मंद्रातल्या जागा निराळ्या लागतात, गौळणीचा नखरा निराळा लागतो. साहजिकच बायकांनी आपल्या चाली लावायला घेतल्या. त्यांतल्या अनेकींनी शाळेत किंवा गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांसाठी संगीत शिकलेले आहे, त्यामुळे त्या स्वरलिपी लिहितात. वहीत अभंगाखाली सारेगमची ओळ येणे ही आमच्याकडे नवी गोष्ट आहे, आणि फार चांगली गोष्ट आहे. तशी वही हाती असली की दोष दाखवणारा नेमक्या मात्रेवर बोट ठेवू शकतो.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मंडळांना एक विनंती आहे. आपल्याकडच्या चालींचा तक्ता करावा. रचना कोणाची, राग कोणता, ताल कोणता, सूर कोणता, चाल कोणी लावली, पहिल्यांदा कोणत्या देवळात, कोणत्या पाराला गायली. जमेल तिथे स्वरलिपी जोडावी, नाहीतर मोबाइलवर गाऊन ठेवावे, पण गाणाऱ्याने आरंभी चाल लावणाऱ्याचे नाव उच्चारावे. कुणी सुधारणा सुचवली असेल तर त्याचेही नाव लिहावे. पेटी ओढून घेऊन पंचमावरून निषादाची वाट दाखवणारा माणूस त्या चालीचा अर्धा मालक आहे. स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेतही संतकवीच्या नावाशेजारी चाल लावणाऱ्यासाठी एक रकाना असावा अशी सूचना आहे. जुन्या चालींच्या बाबतीत माणूस आठवत नसेल तर निदान वाड्याचे नाव लिहावे. वाडा कळला की तिथल्या एखाद्या वृद्ध झीलकऱ्याला विचारता येते. हे सांगणारे अजून हयात आहेत, आणि चालीची पहिली ओळ गुणगुणली की ती कोणाची हे ते सांगतात.